शनिवार नावाचा बैल

“या पालेभाजीत शेंगदाण्याचा कूट घातलाय, की नुसता दाखवलाय?”

पळी पातेल्याच्या काठावर खणकन आपटली, तशा चुलीजवळच्या बायका हसू लागल्या. लाल ब्लाउज, काळा स्कर्ट, पांढरी टोपी, हातात काठी, आणि दर पावलाला डावा गुडघा जरा बाहेर टाकण्याची ती सगळ्या गावाच्या ओळखीची चाल. ब्लाउज जुना, कोपरावर रफू केलेला होता. ठेवणीतला नवा ब्लाउज बायकांनी पहाटेच इस्त्री करून आत नेला होता.

“घातलाय हो आजी, चांगला दोन वाट्या,” एकजण म्हणाली.

“दोन? अर्धा गाव जेवायला बसायचाय आणि दोन वाट्या. येशूने पाच भाकरींत भागवलं, ते त्याला जमतं. तुम्ही आपल्या शेंगा फोडा.”

अंगण एस्नातआजींसाठी भरलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांचं आयुष्य, तेही असं काठोकाठ. गुरुवारच्या प्रार्थनेच्या बायका सकाळपासून ढोल आणि खुळखुळे वाजवत गात होत्या. आजींबद्दल सांगण्यासारखं ज्याच्याकडे काहीच नाही, असा माणूस त्या गर्दीत शोधूनही सापडला नसता.

शाळेचे मुख्याध्यापक उभे राहिले. “एस्नातआजींनी मला गीतांच्या पुस्तकावरून अक्षरं शिकवली. मी मुळात हुशार होतो, त्यामुळे—”

“हुशार?” काठी जमिनीवर आपटली. “आठवडाभर पुस्तक उलटं धरून गात होतास.”

मुख्याध्यापक खाली बसले. त्यांनाही हसू आवरत नव्हतं.

मग पाळक उठले. “आजी दर रविवारी सात मैल चालत प्रार्थनेला यायच्या—”

“आणि तुमचं प्रवचन त्या सात मैलांहून लांब. आज तरी आटोपतं घ्या, मक्याच्या पिठाचा सदझा निवतोय.”

पाळक इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“शुवाई कुठाय?” फुंगाई बायकोला शोधत फिरत होता. तो आजींचा धाकटा मुलगा. “बाळ रडतंय.”

“आज तुझी बायको तुला नाही सापडायची,” शेजारची म्हातारी म्हणाली. “आण ते इकडे.”

थोरला मुलगा गरिकाई मात्र अंगणाच्या कडेला झाडाखाली बसून होता, टोपी डोक्यावर तशीच. तो पहाटेच्या बसने जोहान्सबर्गहून आला होता, अकरा वर्षांनी. अकरा वर्षांपूर्वी त्याचा एक बैल होता. शनिवारी घेतला, म्हणून नावही शनिवार. गुणी जनावर, नांगराला एकदा जुंपलं की मागे बघायला नको. तो बैल आईने त्याला न विचारता चर्चच्या छपराच्या पत्र्यांसाठी देऊन टाकला. तेव्हा गुरुवारच्या सगळ्या बायकांसमोर गरिकाई म्हणाला होता, “तुझा देव माझे बैल खातो.” त्याच दिवशी तो घर सोडून गेला.

आता त्याला आईला एकच विचारायचं होतं, आणि ते विचारायला तो रात्रभराचा प्रवास करून आला होता. पण आल्यापासून त्याला घरात पाऊल टाकायचा धीर झाला नव्हता.

काठी ठकठक करत त्याच्यासमोर येऊन थांबली. गाणं मंदावलं.

“हा कोण वाळका पाहुणा? टोपी काढ. आईसमोर यायची ही रीत?”

लोक हसले. गरिकाई उठला, टोपी काढून हातात धरली. त्याला हसता येईना.

“आई,” तो म्हणाला, “तो बैल—”

“कुठला बैल?”

“शनिवार. तुला राग होता का माझा? शेवटपर्यंत?”

काठीवरचे हात घट्ट झाले.

“होता. पत्रे चढेपर्यंत होता. मग असा पाऊस लागला म्हणतोस, आणि मी तिथे गुडघे टेकून बसलेली, अंगावर थेंब नाही. तेव्हापासून दर गुरुवारी त्या पत्र्याखाली पहिलं नाव तुझं. दुसरं शेताचं. हा गुडघा तिसरा. म्हणूनच मेला बरा झाला नाही. देवापुढे त्याचा नंबरच लागला नाही कधी.”

अंगणभर हशा उसळला. गरिकाईसुद्धा हसला, आणि हसता हसता लहान पोरासारखा रडला. अकरा वर्षं छातीवर घेऊन हिंडलेलं ओझं सगळ्यांदेखत उतरलं, आणि त्याला त्याची जराही लाज वाटली नाही.

“पोटात काही घातलंस? नाहीच. बैलावर रुसायचं आणि स्वतः उपाशी मरायचं. नाच आता.”

ढोलाने जोर धरला. गरिकाई नाचला, अगदी वाईट नाचला, आणि बायकांनी त्याला भरपूर चिडवलं. गाणं दोनदा संपलं आणि दोनदा पुन्हा सुरू झालं.

मग पाळकांनी घड्याळ पाहिलं आणि हात वर केला. ढोल थांबले.

पांढरी टोपी उतरली. खाली काळ्याभोर, बारीक वेण्या होत्या. शुवाईने सासूची काठी भिंतीला टेकवून ठेवली, गुडघा सरळ केला आणि रफू केलेल्या बाहीला डोळे पुसले.

“चला भाऊजी,” ती स्वतःच्या आवाजात म्हणाली. निरोपाच्या दिवशी सासूचं सोंग सुनेने काढायचं, ती गावची रीत पुरी झाली होती. “आईंना खांदा द्यायचाय. पेटीची पुढची उजवी बाजू कुणाला देऊ नका, माझा गरिकाई येईल, असं सांगून गेल्यात त्या.”