पाठीवरून गेलेली शेळी

१९७४ साली, ओमानच्या डोंगरातल्या त्या गावात खजूर उतरवायचे दिवस चालू होते, तेव्हा शमसा आपल्या सावत्र लेकीला ओढतच नव्या दवाखान्यात घेऊन आली.

"खोकते," ती म्हणाली. "रात्रभर खोकते नि दिवसभर रडते. रडकी आहे मेली. बाप बसलाय कुवेतला पैसे मिळवत, आणि रडगाणं ऐकायला मी!"

रय्या असेल सहा-सात वर्षांची. डॉक्टर सिहामनी नळी लावायला तिचा झगा मागून वर केला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. शमसाला त्यांनी औषध घ्यायला बाहेर धाडलं आणि दार लोटलं.

"झुवैना, इकडे ये. बघ हे. या पोरीला मी आता त्या घरी पाठवणार नाही. वालीसाहेबांच्या सरकारी कचेरीत कळवते."

झुवैना दवाखान्यात झाडलोट करी, आलेल्या बायकांना धीर देई. तिने वाकून पाहिलं आणि तिला हसूच आलं.

"डॉक्टरीणबाई, तुमच्या खार्तूमकडे नसेल ही तऱ्हा. हे मारल्याचे नाहीत, हे डाग आहेत. औषध! कावीळ झाली, ताप डोक्यात गेला, की खल्फानबाबा लोखंड तापवून डाग देतो. या गावात बिनडागाचा माणूस दाखवा, वर्षभर फुकट झाडीन."

"पाठीवर? आणि इतके, जोडीजोडीने?"

"मग माझे बघा की."

तिने पाठ फिरवून झगा खांद्यापर्यंत उचलला. स्वतःची पाठ तिने कधी पाहिली नव्हती. न्हाताना बोटांना लागायचं, तेवढीच ओळख. डॉक्टरांनी एकदा तिची पाठ पाहिली, एकदा रय्याची.

"अगदी असेच आहेत," त्या म्हणाल्या.

"तेच तर सांगतेय."

मग झुवैनाने सगळं सांगितलं. लहानपणी ती तापाने पडली होती. शुद्ध नव्हती. आई तिला पाठुंगळी घेऊन, डोंगर ओलांडून खल्फानबाबाच्या बापाकडे गेली. एकदा नाही, कितीदा तरी गेली. "मला कुठलं आठवायला? आईनेच सांगितलेलं. पाठीवर काय आहे गं, असं विचारलं की म्हणायची, शेळी चालत गेली तुझ्या पाठीवरून. आता बिचारीचे डोळे गेलेत. दोन स्थळं आली होती मला, दोन्ही परत पाठवली. म्हटलं, हिने मला जगवलं, आता माझी पाळी."

डॉक्टरांनी कचेरीला लिहायला उघडलेलं पेन मिटवलं.

रय्या तेवढा वेळ झुवैनाच्या ओढणीचं टोक मुठीत धरून उभी होती. "मावशी," ती हळूच म्हणाली, "मी इथेच राहून केर काढू?"

"अगं माझी बये! माझ्या पोटावर पाय देतेस होय?" झुवैना हसली. रय्याच्या हातावर एक खजूर ठेवला, आणि स्वतः बाहेर जाऊन तिचा हात शमसाच्या हातात दिला.

पण डॉक्टरांच्या मनातून ते जाईना. औषध असो की काही असो, तान्ह्या-लहानांना भाजणं बंद झालं पाहिजे. खल्फानबाबाला चांगलं खडसवायचं ठरवून पुढच्या आठवड्यात त्यांनी त्याला बोलावलं. खोकल्याच्या निमित्ताने रय्यालाही बोलावून घेतलं.

म्हातारा काठी टेकत आला. "जावयासारखं बोलावणं धाडलंत आणि चोरासारखं उभं केलंत," तो दारातूनच म्हणाला. "बाई, तुमच्या सुया येण्याआधीही माणसं बरी होत होती इथे."

डॉक्टरांनी पोरीची पाठ त्याच्यासमोर केली. म्हातारा वाकला. त्याचा चेहरा उतरला.

"हे माझे नाहीत."

"बाबा, बाईंना भिऊ नका," झुवैना म्हणाली. "सांगून टाका. पोरीच्या भल्यासाठीच दिलेत ना?"

"अगं, माझं लोखंड एकतोंडी. बापाचंही तेच होतं, त्याच्याकडूनच आलंय मला. एकच रेघ ओढायची, मानेवर नाहीतर पोटावर. पाठीवर आमच्या घराण्यात कुणी कधी डाग दिला नाही."

कोपऱ्यात धुपाटण्यात ऊद जळत होता. म्हाताऱ्याने शेजारचा चिमटा उचलला आणि त्याची टोकं राखेत दाबली. राखेत दोन ठसे उमटले. एकमेकांना लागून, शेळीच्या खुरासारखे.

"निखारे उचलायचा चिमटा आहे हा," तो म्हणाला. "पोरी, कोण गं?"

"आई म्हणाली, कुणी विचारलं तर खल्फानबाबा म्हणून सांग," रय्या म्हणाली आणि रडायला लागली. लगेच तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

डॉक्टर तिच्याकडे पाहत नव्हत्या. राखेकडेही नाही. त्या झुवैनाकडे पाहत होत्या.

शमसाला वालीने माहेरी धाडलं. तिथे तिला दुसरं स्थळही मिळालं, अशांना मिळतं. रय्याला निझवा शहरातली आत्या घेऊन गेली. पुढे ती शाळेत शिकवू लागली, आणि म्हणतात, तिच्या वर्गात रडणाऱ्या मुलाला कुणी गप्प बस म्हणायचं नाही. खल्फानबाबाने ते लोखंड पुन्हा विस्तवात घातलं नाही. डॉक्टर सिहाम दोन वर्षांनी खार्तूमला परत गेल्या.

झुवैनाची आई आणखी पुष्कळ जगली. शेवटपर्यंत झुवैनाने तिला न्हाऊ घातलं, हाताने भरवलं. लेक असावी तर अशी, असं सारं गाव म्हणे. त्या घरात ऊद तेवढा पुन्हा कधी जळला नाही. झुवैनाला धूर सोसत नसेल, असं लोकांना वाटलं.

खल्फानबाबा येऊन गेला, त्या संध्याकाळी तिने घरी जाऊन एवढंच केलं होतं. खुंटीवरचा थंड चिमटा काढून आईच्या हातात ठेवला, आणि समोर बसली. आंधळ्या म्हातारीने त्याची दोन्ही टोकं बोटांनी चाचपली. बराच वेळ चाचपत राहिली.

"तू फार रडायचीस गं," ती म्हणाली.