चकचकीत नाणं

नाणेवाल्यांनी डबी उघडली आणि लगेच मिटली. चष्मा पुसून पुन्हा उघडली. नाणं तसंच होतं, चकचकीत.

“हे कुणी घासलं?”

काउंटरसमोर तिघं बसले होते. थोरला, धाकटा आणि मधल्या खुर्चीत त्यांची आई. तिने शांतपणे सांगितलं, मीच. लिंबू आणि राखेने. इतकं काळं पडलं होतं, अशा कळकट वस्तूला पैसे कोण देणार?

थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं. घर वडिलांनी हयातीतच कौतुकाने मुलांच्या नावावर केलं होतं. वडील गेले आणि घराला गिऱ्हाईक मिळालं. गिऱ्हाइकाला घर रिकामं हवं होतं. घरात आई होती. तिच्यासाठी एक वृद्धाश्रम पाहून ठेवला होता, बागबिग असलेला, पण तिथे आधी मोठी अनामत भरावी लागणार होती आणि दोघांचेही खिसे फाटके. म्हणून वडिलांच्या संग्रहातलं हे नाणं. आईला विचारलं होतं. मला माझ्या घरातच राहायचंय, असं तिने स्वच्छ सांगितलं होतं. पण विचारलं म्हणजे झालं, ऐकायलाच हवं असं थोडंच आहे!

थोरल्याने घासाघीस करून पाहिली. नाणं तर तेच आहे ना? अशी जगात चारपाचच उरलीत, असं बाबा म्हणायचे.

“आजही चारपाचच आहेत,” नाणेवाले म्हणाले. “दुर्मीळपणा घासून जात नाही. किंमत जाते.”

मग त्यांनी नीट समजावलं. जुन्या नाण्यावर काळाने चढवलेला थर म्हणजे त्याच्या खरेपणाचा दाखला. तो खरवडला की पारखी माणूस हात लावत नाही. आणि नुसतं दुर्मीळ असून भागत नाही, ते हवंसं वाटणारी माणसंही लागतात. या नाण्याला मुळातच दोन-तीन गिऱ्हाइकं होती. आता तीही फोन उचलणार नाहीत.

थोरला आईवर घसरला. नसते उद्योग कुणी सांगितले होते? धाकट्याने तिची बाजू घेतली, निदान त्याला तसं वाटलं. तिला यातलं काय कळतं, बाबांनी तिला कधी नाण्यांच्या कपाटाला हातसुद्धा लावू दिला नाही. नाणेवाल्यांना तिची दया आली. मित्राची बायको, मुलांसमोर अशी बोलणी खाते आहे. मग त्यांनीच मार्ग काढला.

“वहिनी, जिवाला लावून घेऊ नका. त्याचे तांब्याच्या नाण्यांचे ट्रे आहेत ना? तशी नाणी ढिगाने मिळतात, पण त्याची अगदी कोरी आहेत, टांकसाळीतून आत्ता आल्यासारखी. आणि ती गोळा करणारे गल्लोगल्ली आहेत. सगळी मिळून या एकापेक्षा जास्तच येतील. अनामत आरामात भरेल.”

भावांचे चेहरे खुलले. दुर्मीळाला कुणी विचारत नाही आणि ढिगाने मिळतं त्याला भाव, या उफराट्या न्यायाचं थोरल्याला हसूही आलं. धाकट्याने गाडीची किल्ली उचलली. दुकान बंद करू नका काका, हा गेलो आणि हा आलो.

“जा, घेऊन या,” आई म्हणाली. “तीही सगळी घासून ठेवलीत मी.”

धाकटा उभा होता तो पुन्हा बसला. नाणेवाल्यांनी मान खाली घातली, हसू लपवायला की काय कोण जाणे. थोरल्याचा आवाज चढला. नाणी घासायची नसतात, एवढी साधी गोष्ट बाबांनी तिला आयुष्यात एकदाही सांगितली नव्हती का?

आई उठून उभी राहिली.

“सांगायचे ना,” ती म्हणाली. “संसारभर, रोज.”