कोपऱ्यातली गाय

“ताई, बाळ अंगावर पितंय ना? मग त्या कोपऱ्यातल्या गाईपाशी नका थांबू,” डेअरीच्या मालकीणबाई म्हणाल्या. मी हसून सोडून दिलं.

दूध कुठून येतं ते गिऱ्हाइकांनी बघावं म्हणून त्यांनी रविवारी गोठा खुला ठेवला होता. सगळी गर्दी वासरांपाशी होती. बाटलीनं दूध पाजत फोटो चालले होते. नवराही बाळाला घेऊन तिकडेच होता.

कोपऱ्यातली गाय मात्र तिकडे तोंड करून हंबरत होती.

“हिचं वासरू?” मी तिच्यापाशी जाऊन विचारलं.

“त्यातलंच एक. जन्मल्याबरोबर वेगळं ठेवतो आम्ही,” बाई तिची मान खाजवत म्हणाल्या. “पहिले काही दिवस हिच्याजवळ कुणीतरी थांबावं लागतं. येणारा जो तो वासरू बघतो.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्हाला रात्री झोप लागते का हो?”

बाळ झाल्यापासून चार महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. येणारे बाळाचं वजन विचारून जायचे. गाईच्या गळ्याला मिठी मारून मी रडले.

ओळखीत कुणी नुकतंच बाळंत झालं असेल, तर बाळ बघून लगेच उठू नका. तिच्याजवळ बसा. तिला झोप लागते का, विचारा.