तांदळाच्या मेणबत्त्या

पार्कने कागदावर लांबट, गोल कांड्या काढल्या. खाली भांडं काढलं, वर वाफेच्या रेघा. एक रेघ नेमकी कांडीच्या टोकाला टेकली आणि जुलियानाच्या काळजात चर्र झालं.

"अँथनी! अरे, पाहुणा मेणबत्ती मागतोय. मरायला टेकला रे हा!"

साल त्र्याऐंशीचं. पार्क कोरियाहून वालीवच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेला. जवळपास धड हॉटेल नाही, म्हणून तिथे फिटर असलेल्या अँथनीने त्याला घरीच आणलं. त्याच्या आईने, जुलियानाने, पाहुण्यासाठी जीव ओतला. मासळीचं कालवण काय, तळलेले फुगे काय, गरम भाकरी काय! पाहुणा हसून मान लववायचा, दोन घास खायचा आणि ताट सरकवायचा. केळ्यांवर जगत होता बिचारा. उद्या सकाळी तो परत निघणार. आपल्या दारातून माणूस उपाशी गेला तर काय तोंड दाखवायचं, या काळजीने जुलियानाचंही जेवणात लक्ष नव्हतं.

ती धावत घरातल्या क्रूसाच्या वेदीकडे गेली. फादरांनी आशीर्वाद दिलेल्या मेणबत्त्या तिथे जपून ठेवलेल्या होत्या. घरात कुणाची शेवटची घटका आली तरच त्या पेटवायच्या. तिच्या नवऱ्याच्या उशाशी जळली ती त्यांतलीच.

मेणबत्त्या पाहून पार्क आधी गोंधळला, मग खदाखदा हसला. "नो, नो!" म्हणत त्याने सुपातले तांदूळ मुठीत घेतले, तोंडाकडे नेले आणि हवेतच मुसळ चालवलं.

"अगो बाय, हे खायचं आहे होय!" जुलियानाने मेणबत्त्या पदरात खोचल्या आणि कंबर कसली.

भिजवलेले तांदूळ वाटले. सांदणांच्या भांड्यात पीठ वाफवलं. मग पार्कने ते उखळात टाकलं आणि मुसळ घेऊन असा भिडला की घामाने चिंब झाला. कुटता कुटता पीठ चकाकायला लागलं, रबरासारखं ताणायला लागलं. तेलाच्या हाताने त्याने पाटावर त्याच्या लांब कांड्या वळल्या. गुळगुळीत, पांढऱ्याशुभ्र. जन्मभर तांदूळ शिजवणारी जुलियाना तोंडात बोट घालून बघत राहिली. हे सगळं आपल्याच तांदळात होतं?

चार कांड्या त्याने बाजूला ठेवल्या. बाकीच्या कापून रश्शात सोडायच्या. त्याच्या देशातलं मिरचीचं वाटण इथे कुठून आणणार? जुलियानाने घरचा लाल मसाला काढला. त्याने त्यात सुकटीचं पाणी ओतायला लावलं आणि वर चक्क गूळ!

"तिखटात गूळ? वेडा की काय हा!" ती म्हणाली, पण टाकला. लालभडक रस्सा रटरटला, घरभर घमघमाट सुटला. तिने ताट वाढलं.

"खा रे बाबा."

पार्कने ताटाला हात लावला नाही.

जुलियाना रडकुंडीला आली. मेलं, एवढं करूनही नाहीच!

पार्क उठला. बाजूला ठेवलेल्या पांढऱ्या कांड्या त्याने केळीच्या पानावर मांडल्या. मग तिच्या पदराकडे बघत दोन्ही हात पुढे केले. तिने मेणबत्ती दिली. त्याने ती पेटवून पानाशेजारी उभी केली आणि जमिनीला कपाळ टेकलं.

"मदर," तो म्हणाला. वर बोट दाखवलं. "टुडे."

"आय, याची आई आजच्याच तारखेला गेली गो," अँथनी हळूच म्हणाला.

जुलियानाच्या अंगावर सरसरून काटा आला. कुठला मुलूख, कुठला देव, आणि गेलेल्या माणसासाठी तिकडेही मेणबत्तीच! ती त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसली, क्रूसाची खूण केली आणि केळीचं पान जरासं पुढे सरकवलं.

"जेव गो बाय, पोटभर जेव," ती म्हणाली. "तू जेवलीस की तुझा पोरगा जेवेल. कधीचा उपाशी आहे."