समक्ष येऊन खुलासा करावा

"सही तुमचीच ना?" तिने तिन्ही नोटिसा शिलाई मशीनच्या पाटावर आपटल्या.

घरमालकीणबाईंनी पायाखालचा पॅडल थांबवला आणि सुईखालची कॉलर हळूच सोडवून घेतली. कागदांकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझीच."

"चार महिन्यांत तीन. तिसरी तर बाबा जायच्या आठ दिवस आधी. वरच्या खोलीत खोकून खोकून अर्धा झालेला माणूस, आणि तुम्ही खाली बसून त्याला नोटिसा धाडताय."

"त्यांना नाही धाडल्या. तुम्हाला धाडल्या. जामीनदार तुम्ही."

ते खरं होतं. आई गेल्यावर तिने बाबांना आपल्याकडे राहायला बोलावलं होतं. "लेकीकडे बाप दोन दिवसच शोभतो," असं म्हणून ते या शिवणाच्या दुकानावरच्या खोलीत राहायला आले. करारावर जामीनदार म्हणून तिने सही केली, तीही रागातच, आणि जिना उतरली. त्याला दीड वर्ष झालं. पुन्हा ती तो जिना चढली नव्हती. परवासुद्धा मालकीणबाईंनी बाबांना इथून दवाखान्यात हलवलं आणि ती थेट तिकडेच पोहोचली. तिथे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बाबांना फोनवर ऐकू येत नसे. महिन्याला त्यांचं पत्र यायचं. सवडीने वाचू म्हणून ती ते कपाटात ठेवून द्यायची. सवड झाली नाही. खरं म्हणजे राग उतरला नाही. नोटिसा मात्र रजिस्टर पोस्टाने आल्या. सही करून घेतलेलं पाकीट कोणी न उघडता ठेवत नाही. त्या तिने शब्दन् शब्द वाचल्या होत्या.

तिने वरचाच कागद उचलला. "'थकलेल्या भाड्याबाबत जामीनदाराने सात दिवसांच्या आत समक्ष येऊन खुलासा करावा. रक्कम टपालाने पाठविल्यास ती पोहोचली असे समजले जाणार नाही.' कुठल्या कायद्यात बसतं हे? तिन्ही वेळा मी त्याच दिवशी चेक पाठवला की नाही?"

"पाठवलात."

"मग पुन्हा नोटीस कशाला?"

"तुम्ही आला नाहीत म्हणून."

"म्हणजे मी येऊन तुमच्यापुढे हात जोडायला हवे होते."

मालकीणबाई कॉलरचे सुटलेले धागे चिमटीने ओढत राहिल्या. "माझ्यापुढे कशाला?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे सगळं दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण बाबांनी चाळीस वर्षं कोर्टाच्या फाटकाबाहेर टेबल मांडून लोकांच्या नोटिसा टाइप केल्या होत्या. मालक यायचे, भाडेकरू यायचे. दोघांचे कागद तेच करायचे आणि दोघांकडून चहा उकळायचे. लहानपणी तिला त्यांनी शिकवलं होतं, पहिली नोटीस आठवण, दुसरी ताकीद, तिसरी अखेरची. चौथी कधी पाठवायची नाही. चौथी आली की समोरचा ओळखतो, हा माणूस दावाबिवा काही करणार नाही.

अशा माणसाच्या नशिबी शेवटी हे कागद.

"मजकूर तरी कुणाकडून करून घेतलात? वकिलाकडून?"

"नाही. ओळखीच्या माणसाकडून. पैसे घेत नव्हता."

"लाज नाही वाटली त्याला?"

"वाटायची," मालकीणबाई म्हणाल्या. "दर खेपेला म्हणायचा, ही शेवटची."

"शोभतोय तुम्हाला."

"बाई, तुमचे वडील वरून खाली यायचे आणि माझी टीप कुठे वाकडी गेली ते सांगायचे. मीही त्यांना चार शब्द सुनावायची. त्यामुळे तुमचं बोलणं मला लागत नाही. सवयीचं आहे." त्यांनी खणातून किल्ली आणि एक बंद पाकीट काढलं. "आधी खोली बघा. मग खाली या आणि काय बोलायचं ते बोला. मी दुकान बंद करत नाही."

जिना अरुंद होता. चौदा पायऱ्या. बाबा रोज कसे चढत असतील, हा विचार तिने मनात येऊ दिला नाही. राग टिकवायला हवा होता.

दार उघडल्यावर औषधाचा वास आला. पलंग, एका बर्नरची शेगडी, ताटलीवर पालथे घातलेले दोन कप. एकाचा कान तुटका. दुसऱ्याला किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती.

तिने पाकीट फाडलं. आत तिचे तिन्ही चेक होते. एकही वटवलेला नव्हता.

म्हणजे पैसेही नको होते. खोली रिकामी करून हवी होती, दुसरं काय. बाबांनी नक्की किती महिने थकवले हे पाहून मगच खाली जाऊन त्या बाईची खरडपट्टी काढायची, असं ठरवून तिने खिळ्याला अडकवलेल्या भाड्याच्या पावत्या काढल्या. एकेक उलटली. दीड वर्षाच्या अठरा पावत्या. दर महिन्याच्या एक तारखेची, एकही खाडा नाही.

तिने पुन्हा मोजल्या.

खिडकीजवळच्या टेबलावर काहीतरी जुन्या टॉवेलने झाकलेलं होतं. तिने टॉवेल उचलला. खाली बाबांचा टाइपरायटर होता आणि रोलरवर अर्धा चढलेला कागद.

"नोटीस क्रमांक चार. तीन वेळा कळवूनही जामीनदार समक्ष आलेल्या नाहीत. सबब कळविण्यात येते की, खुलासा नको. नुसते यावे. दार लोटलेलेच अस"