कुसाबाईंचा लेप

"अजून काहीच नाही?" भारतनं दारातूनच विचारलं.

वेदिकानं कॉम्प्युटरवरची नजर न काढता मान हलवली. तीन आठवडे ती शोधत होती. परदेशी पेटंटं, वैद्यकाची जुनी नियतकालिकं, आयुर्वेदाचे ग्रंथ, सगळं चाळून झालं होतं. स्वतःच्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयातही ती एकटी जाऊन आली. ते काम दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही. तिच्या मागच्या भिंतीवर सुवर्णपदक घेतानाचा तिचा फोटो होता. अशी मेहनती मुलगी शोधून सापडायची नाही, असं वकील भारत नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आपल्या ऑफिसात येईल त्याला सांगे.

एका औषध कंपनीनं भाजल्यावरच्या लेपाचं पेटंट मागितलं होतं. हरसूलच्या कुसाबाई तो लेप वर्षानुवर्षं आठवडे बाजारात विकत आल्या होत्या. पेटंट मिळालं, तर विकायची बंदी त्यांनाच. 'सासूनं शिकवला' एवढ्यावर भारत त्यांच्या वतीनं घेणार असलेली हरकत टिकणार नव्हती. ती कृती आधीच कुठंतरी लिहिली गेल्याचा, तारीख असलेला कागद हवा होता. मुदत संपायला दोन दिवस उरले होते, आणि वेदिकाची झोप उडाली होती.

"एकदा हरसूलला जाऊन येऊ," भारत म्हणाला. तिचा पाय निघत नव्हता. तरी गेली.

कुसाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भारतच बोलत होता. वेदिका ओसरीच्या कडेला गप्प बसून राहिली.

"आजी, ही कृती कधी कुणी लिहून नेली होती?"

"नेली ना. लय वर्सं झाली. नाशिकची पोर व्हती, कॉलेजातली. चार दिस राहिली माझ्याकडं. हौसेनं भाकरी टाकाया बसली न् तव्यावर मनगट भाजून घेतलं. मीच लेप लावला. समदं वहीत लिवलं तिनं."

"नाव आठवतं?"

"नाय बा. पर गुणाची व्हती. म्हणली, आजी, तुमचं नाव छापून आणीन."

परतताना भारत खुशीत होता. "ती मुलगी शोध. तिचा प्रबंध असणारच. तेवढा मिळाला की कंपनी गारद."

"बघते," वेदिका म्हणाली.

त्याच संध्याकाळी प्रबंध तिच्या हातात होता. एम.एस्सी., जून १९९४. कॉलेजच्या ग्रंथालयाचा शिक्का. पहिल्याच पानावर सुवर्णपदकाची नोंद. आत लेपाची कृती, त्यातल्या मुळीच्या मापासकट. खाली एक ओळ: 'हे मिश्रण प्रस्तुत संशोधिकेनं स्वतः शोधून काढलं आहे.' कुसाबाईंचं नाव कुठंच नव्हतं.

तिला रडू आलं. मग डोळे पुसून तिनं प्रबंध कपाटात साड्यांखाली ठेवला, गेले तीन आठवडे होता तिथंच.

सकाळी तिनं अहवाल लिहिला: 'कोणतीही पूर्वीची नोंद सापडली नाही.' सही करताना बांगडी मागं सरली. मनगटावर भाजल्याचा डागसुद्धा राहिला नव्हता.