मोजणारा माणूस

"मत द्या म्हणताना जीभ का अडखळती तुमची, अब्बा?" एसटीतून उतरता उतरता जेबा म्हणाली. "चोरी करून राहिलो का आपण?"

खाजा टेलर ओशाळं हसला. उभी हयात नांदेडात कापड कापण्यात गेली; दुकान आता पोरगी जेबाच सांभाळत होती. कात्री चालली तशी जीभ काही त्याची कधी चालली नाही. आणि या वयात हा गडी निघाला होता राज्य शिवणकाम संघटनेचा मुख्य निवडणूक अधिकारी व्हायला! राज्यभरातले टेलर आधी त्यासाठी मतदान करणार होते; अध्यक्षाची निवडणूक त्यानंतर.

ही खाज सुटायला कारणही तसंच होतं. मागच्या वेळी अधिकाऱ्यानं सख्ख्या मेहुण्याची मतं स्वतःच मोजली, आणि तो मेहुणा, लातूरचा व्यंकटराव, अध्यक्ष होऊन बसला. खाजानं भर सभेत भांडून नियम करून घेतला: मोजणाऱ्याच्या घरचं माणूस उमेदवार नको. त्या नियमामुळंच लोक आता त्याचं नाव घेत होते.

हिमायतनगरला रेणुकाच्या शिवणवर्गात बायका जमल्या होत्या. रेणुका मोठी फटकळ.

"चाचा, तुम्ही सरळ माणूस. पण व्यंकटरावाला पाडायला कुणी उभं राहाया पाहिजे का न्हाई?"

"हाय का कुणी?"

"हाय की. आमच्यातलीच एक. लई हिमतीची."

"नाव?"

"आत्ताच फोडलं तर तिचं दुकान बंद पाडतील ते लोक."

जेबा चहाचे कप गोळा करू लागली.

परतीच्या एसटीत खाजाच्या डोक्यातून ती बाई जाईना. "पोरी, तिच्यासाठी तरी मला निवडून याया पाहिजे. तिचं एक मत इकडचं तिकडं होऊ देणार न्हाई."

"हाव, अब्बा." जेबा खिडकीबाहेर बघत होती. "मोजणाराच सरळ नसला तर कुणी उभं राहून तरी काय उपेग?"

लातूर जिल्ह्यातलं जळकोट म्हणजे व्यंकटरावाचा गड. तिथं आपल्याला कुणी पाणीसुद्धा विचारणार नाही, अशी खाजाची खात्री. पण व्यंकटरावाचा उजवा हात शेषेराव, त्यानं चक्क जेवायला बसवलं.

"आमची समदी मतं तुम्हाला. व्यंकटरावांचा तसा निरोपच हाय."

खाजानं ताट अर्धं ठेवूनच हात धुतले. बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "कुठं तरी पाणी मुरून राहिलंय, पोरी."

"मुरू द्या. मतं तर आपली हायेत ना?"

खाजा निवडून आला, तोही लातूरसकट! व्यंकटराव स्वतः हार घेऊन आला. "खाजाभाई, तुमच्यासारखा नियमाचा पक्का माणूसच पाहिजे होता आम्हाला," म्हणाला, आणि जेबाला हात जोडून निघून गेला. आपल्या पोरीला कशाला हात जोडले बुवा, असं खाजाला वाटलं. पण आनंदात ते तिथंच राहिलं.

घरी आला तरी त्यानं हार काही उतरवला नाही. ऊर भरून आला होता त्याचा.

"आता बोलाव त्या बाईला. म्हणावं, बिनघोर अर्ज भर. खाजा बसलाय मोजायला."

जेबा मशीनपुढं बसून सुईत दोरा ओवत होती. "ती उभी राहत न्हाई, अब्बा."

"भ्याली?"

"न्हाई."

"मग घरच्यांनी अडवलं असंल. मी जातो. तिच्या बापाला हात जोडून सांगतो. कुठं राहती ती?"

दोरा ओवला गेला. जेबानं मान वर केली.

"तिच्याच घरात बसलाव की, अब्बा."